हेळव्याच्या वहीला खुशामत म्हणणाऱ्यांस

नमस्कार.

कदम घराण्यावरच्या माझ्या लेखाला 'एक अभ्यासक' अशा सहीने आलेली प्रतिक्रिया चार दिवस तशीच पडून होती. दोनदा उत्तर लिहायला बसलो, दोन्ही वेळा हात थरथरायला लागला म्हणून उठलो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कदम आडनाव आहे म्हणून गोव्याचे कदंब राजे आपले पूर्वज, हा "शाळकरी तर्क" आहे. कदंब कन्नड, मानव्य गोत्राचे. तुम्ही घाटावरचे मराठा पाटील. कदंबांचं राज्य चौदाव्या शतकात बुडालं, तुमचा पहिला कागद आदिलशाहीतला, मधली तीनशे वर्षं कोरी. कर्नाटकातल्या देगावच्या देवळाबद्दल लिहिलंय ते चूक. आणि शेवटी, घरोघरी जाऊन वंशावळी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेळव्याबद्दल हे वाक्य : "हेळव्याची वही म्हणजे पायलीभर जोंधळ्यासाठी केलेली खुशामत."

देगावचं आधी. चूक माझीच. तिथलं कमलनारायणाचं देऊळ मी जयकेशी या कदंब राजाच्या नावावर घातलं होतं. ते बाराव्या शतकात कदंब राजा शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने बांधवलं. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. पण त्यापुढे "एवढंही ठाऊक नसलेल्या माणसाने" वगैरे लिहायची काय गरज होती? चूक सांगायला एक ओळ पुरते.

आता "शाळकरी". मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आडनावावरून वंश ठरत नाही हे मी आठवीच्या वर्गाला फळ्यावर लिहून दिलंय. लेखातही मी आडनावावर थांबलो नव्हतो. आमचं देवक कळंबाचं आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. लग्नात आमच्याकडे कळंबाची डहाळी पुजतात, कळंबाचं लाकूड चुलीत घालत नाहीत. कळंब म्हणजेच कदंब. हे देवक इतर कुळांतही सापडतं, मान्य. पण कदम आडनाव, कळंबाचं देवक आणि घाटाखालून वर आल्याची आठवण हे तिन्ही एका घरात असेल, तर त्याला शाळकरी म्हणून उडवून लावायचं?

पण मला खरं लागलंय ते शेवटचं वाक्य.

तुम्ही हेळवी पाहिलाय का? सुगी संपली की तो बैलावर बसून गावात यायचा. कन्नडात हेळव म्हणजे पांगळा, म्हणून वाहन बैल. आमच्या सोप्यात घोंगडं अंथरलं जायचं, लाल फडक्यातली वही निघायची आणि अर्धं मराठी, अर्धं कन्नड अशा सुरात तो वाचायला लागायचा. आज्जी सुनांना चुलीपुढून उठवून बाहेर आणायची. त्या वाचनात खुशामत असेल तर मला दाखवाच. आमच्या एका पूर्वजाने भावाशी भांडून पाटीलकी गहाण टाकली आणि रातोरात गाव सोडलं, हे तो भरल्या सोप्यात वाचायचा. दरवर्षी. आजोबा मान खाली घालून ऐकायचे. पैसे देऊन कुणी स्वतःची अशी बदनामी लिहून घेतं का?

१९७२ चा दुष्काळ. मी नऊ वर्षांचा. आजोबा, गावचे पाटील, खडी फोडायला जात होते. घरात मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, शिजत होता. त्या वर्षीही हेळवी आला. आज्जीने ओंजळभर धान्य त्याच्या झोळीत घातलं, त्याहून जास्त नव्हतंच. त्याने एकही नाव गाळलं नाही. माझे थोरले चुलते दोन महिन्यांचे असताना गेले. त्यांची नोंद तलाठ्याकडे नाही, शाळेत असण्याचा प्रश्नच नाही. त्या वहीत आहे. त्यांचं नाव आलं तेव्हा आज्जीने पदर तोंडाला लावला होता, तो मला आजही दिसतो. तुमच्या पायलीभर जोंधळ्याचा हिशेब यात कुठे बसतो ते सांगा.

आणि याच वहीच्या पहिल्या पानावर आहे : वनवासीहून (कदंबांची जुनी राजधानी बनवासी) निघाले, गोव्यात राज्य केलं, चांदर (त्यांची गोव्यातली राजधानी) मोडल्यावर घाट चढले. ज्या माणसाने मेलेल्या तान्ह्या पोराचं नाव सोडलं नाही, त्याच्या घराण्याने पहिलं पान मात्र मनाने रचलं असं मी का मानू?

बाकीचे मुद्दे लांबवत नाही. कोऱ्या तीनशे वर्षांचं म्हणाल, तर १३२७-२८ च्या सुमाराला तुघलकाच्या फौजेने चांदर उद्ध्वस्त केलं. पुढे होनावरच्या सुलतानाने गोव्यावर चाल केली, तेव्हा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता स्वतः त्या आरमाराबरोबर होता. त्यानंतर बहामनी, विजयनगर, आदिलशाही. अशा पळापळीत कागद कोण सांभाळणार? मानव्य गोत्र कर्नाटकातल्या तळगुंदच्या स्तंभलेखात आहे, तिथे पहिला कदंब राजा मयूरशर्मा ब्राह्मण आहे. नंतरच्या लेखांत तेच कुळ शिवाच्या घामाच्या थेंबातून, कदंबाच्या झाडाखाली जन्मलेल्या पुरुषापासून निघतं. म्हणजे राजांचीही कुळकथा शतकागणिक बदलली, आणि कुलवृत्तांत काटेकोर हवा तो एका पाटलाच्या घरचा. भाषेचं म्हणाल, तर शिवचित्ताच्या सोन्याच्या नाण्यावर सिंह आहे आणि नागरी अक्षरांत कदंबांच्या कुलदैवताचं, सप्तकोटीश्वराचं, नाव आहे. त्याच सप्तकोटीश्वराचं गोव्यातल्या नार्व्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभं करवलं. कन्नड-मराठी अशी रेघ त्या काळावर मला ओढता येत नाही. तुम्हाला येत असेल तर ओढा.

एक शेवटचं. माझ्याकडे तुम्ही बावीस पिढ्यांचा पुरावा मागता आणि स्वतःची एक पिढीसुद्धा सांगत नाही. नाव लिहा, गाव लिहा, मग बोलू. इकडे आलात तर वहीची नक्कल मी स्वतः समोर ठेवीन, चहाही होईल. पण आमच्या सोप्यात बसून त्या वहीला खुशामत म्हणायचं नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. देगावच्या ओळीत आज कमलादेवीचं नाव घातलं आहे. 'आमचे पूर्वज' हे शब्द होते तिथेच आहेत.