'फुकटात गिऱ्हाईक दुप्पट' हा मेसेज आणि त्यातला हिशेब

दुकानदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "जाहिरातीवर रुपया घालवू नका. सगळ्या ग्रुपांत फोटो टाका, २० टक्के सूट लावा, चौकात फ्लेक्स बांधा, गूगलवर नाव घाला. महिन्यात गिऱ्हाईक दुप्पट!" बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दुकानाला हे लावून बघितलं की चारांतली एकच गोष्ट टिकते, तीही अर्धी.

"सगळ्या ग्रुपांत फोटो टाका." गल्लीच्या, मंडळाच्या ग्रुपात रोज फोटो पडले की लोक ग्रुप म्यूट करतात, मग अ‍ॅडमिन तुम्हाला काढतो. बऱ्याच जणांनी रिपोर्ट केलं तर खातंच बंद पडू शकतं. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो) बरी, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. फसगत होते ती इथे: ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. तुम्ही त्याचा सेव्ह करून भागत नाही. म्हणून पैसे घेताना "नवा माल आला की कळवतो" सांगून गल्ल्यावरच गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करून घ्या. लिस्टा दोन करा, मराठी आणि कन्नड. एकाच मेसेजात दोन्ही भाषा कोंबल्या की कोणीच शेवटपर्यंत वाचत नाही. आठवड्याला एकच मेसेज, तोही आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी.

"२० टक्के सूट लावा." ७५ रुपयांना पडलेला माल १०० ला विकलात तर २५ सुटतात. २० टक्के सूट दिली की उरतात ५, म्हणजे पूर्वीएवढी कमाई व्हायला पाचपट माल विकावा लागेल. दुप्पट गिऱ्हाईक येऊनही कमाई आधीपेक्षा कमीच. त्याऐवजी माल वाढवून द्या. समजा अर्धा किलो कुंदा २०० ला विकता आणि तो १५० ला पडतो. ५० ग्रॅम जास्त घातलात तर खर्च १५ रुपये, हातात ३५ राहतात. २० टक्के सूट दिली असती तर १० च राहिले असते. शिवाय नंतर भाव 'वाढवला' असा बोल लागत नाही.

"चौकात फ्लेक्स बांधा." कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर मार्च २०१६ पासून बंदी आहे. पैसे दुकानाच्या बोर्डावर घाला, पण रंगवण्याआधी मोजमाप ठरवा: कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये आणि तो वरच्या भागात हवा. मराठी खाली, ठळक. याबद्दल मनात काहीही असो, बोर्ड दोनदा रंगवायचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

"गूगलवर नाव घाला." म्हणजे 'गूगल बिझनेस प्रोफाइल', गूगल मॅपवरची दुकानाची नोंद. हे खरं, आणि खरोखर फुकट. पण नुसतं नाव घालून भागत नाही. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी आहे. चंदगड किंवा गोव्याहून येणारा मात्र 'बेळगाव' टाकून शोधू शकतो. दोन्ही नावं वर्णनात लिहा. दुकानाच्या नावात 'स्वस्त', 'नंबर वन' चिकटवू नका, त्यानं नोंद निलंबित होऊ शकते. गणपत गल्ली, रामदेव गल्लीसारख्या दाटीच्या भागात नकाशावरचा पिन मागच्या बोळात पडू शकतो, तो बोटानं ओढून आपल्या दारावर आणा. पडताळणीला व्हिडिओ मागितला तर रस्ता, बोर्ड आणि शटर उघडताना एकाच सलग चित्रणात दाखवा. सुट्टीचा वार भरा. बंद दुकानापर्यंत चाळीस किलोमीटर आलेला माणूस एक तारा देऊन जातो. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही.

राहिलं 'दुप्पट'. कशाच्या दुप्पट, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? वहीत चार रकाने पाडा: मेसेज, बोर्ड, गूगल, ओळख. नव्या माणसाला "कुठून कळलं?" विचारून खूण करा, ३० दिवस. गर्दीच्या वेळी खुणा राहून जातात, म्हणून वही गल्ल्यावरच ठेवा आणि पेन दोऱ्यानं बांधा.