जो थॉमसचा आकडा बुमराहच्या डोक्यात हाणू नका

इंग्लंड दौऱ्यात (२०२५) बुमराह पाचपैकी तीनच टेस्ट खेळला आणि सिराजने पाचही खेळून १८५ च्या वर ओव्हर टाकल्या, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच चालू आहे, "हल्लीची पोरं नाजूक, वर्कलोड कसला डोंबलाचा". आता मामांनी कुठूनतरी अमेरिकन फुटबॉलवाल्या जो थॉमसचं रील टाकलंय आणि मी क्लीव्हलँडला राहतो म्हणून प्रश्न मला, याने घेतली का रे कधी सुट्टी?

नाही घेतली. २००७ ला इथल्या ब्राउन्स टीमने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) तिसऱ्या नंबरवर उचलला (गडी त्या दिवशी सोहळा सोडून वडिलांबरोबर लेक मिशिगनवर मासे पकडत होता) तेव्हापासून ऑक्टोबर २०१७ ला ट्रायसेप फाटेपर्यंत सलग १०,३६३ स्नॅप (बॉल मागे देऊन डाव सुरू होतो तो स्नॅप), म्हणजे ऑफेन्सचा, बॉल आपल्याकडे असतानाचा, एकही डाव त्याच्याशिवाय सुरू झाला नाही. जागा लेफ्ट टॅकलची. समोरून सव्वाशे किलोचा माणूस सुसाट येणार आणि याने उलट्या पावली सरकत, त्याच्या छातीवर हात रोवून, त्याला क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या, पाठीपासून लांब वळवायचं. बॉल हातात येणार नाही, स्कोअरबोर्डवर नाव नाही. टीम इतकी रद्दड की आख्ख्या करिअरमध्ये एक प्लेऑफ नाही, तरी २०२३ ला हॉल ऑफ फेम!

पण मामा, रीलमध्ये नुसता आकडा येतो, कॅलेंडर येत नाही. तेव्हा सीझनला १६ मॅच, आठवड्याला एक, जानेवारीत ब्राउन्स घरी. शिवाय २०११ च्या करारात प्लेअर्स युनियनने मालकांकडून लिहून घेतलं की सीझनमध्ये पूर्ण पॅड घालून प्रॅक्टिस चौदाच वेळा. म्हणजे विश्रांती इथेही आहेच, फक्त ती खेळाडूला एकट्याने मागून शिव्या खाव्या लागत नाहीत.

आपल्याकडे आयपीएल ३ जूनला संपली आणि २० जूनला लीड्सची टेस्ट. बोर्डाने मान्यता दिलेली खेळाडूंची संघटना आहे ती रिटायर झालेल्यांची, मग खेळणाऱ्यांच्या वतीने वेळापत्रकावर भांडणार कोण?

एनएफएल, म्हणजे थॉमसची लीगही काही संत नाही, डोक्याच्या दुखापतींवरून माजी खेळाडूंनी कोर्टात खेचल्यावरच पैसे सुटले. थॉमसने रिटायर झाल्यावर वीसेक किलो वजन उतरवलं, ते वजनही नोकरीपुरतंच होतं.

सिराजचं कौतुक कराच, ओव्हलचा शेवटचा दिवस मीही इथे पहाटे उठून बघितला. पण जाब विचारायचा तर बोर्डाला विचारा, फास्ट बॉलरला वर्षात किती आठवडे सुट्टी ते कुठे लिहिलंय का म्हणून.