'घरात बसून मीटर वाचणारे' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'घाटवाट',

गाडीवर हौशी रेडिओच्या (हॅमच्या) सेटची 2 मीटर बँडची, म्हणजे 145 मेगाहर्ट्झच्या आसपासची, अँटेना बसवताना काय काय बिघडते, या माझ्या लेखाखाली काल रात्री तुम्ही लिहिलेत : "सेटपाशी एसडब्ल्यूआर 1.3 आला की अँटेना ठीक. घरात बसून मीटर वाचणाऱ्यांनी गाडीवाल्यांना घाबरवू नये." (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचे माप, 1.0 म्हणजे काहीच परत नाही.) पुढे आणखी तीन-चार मुद्दे आहेत. त्यांच्याकडे येतो, पण आधी हे दुसरे वाक्य.

एक चूक लगेच मान्य करतो. पाव लहरीच्या अँटेनाच्या काडीची लांबी मी 51 सेंटीमीटर लिहिली होती. ते 145 मेगाहर्ट्झचे नुसते गणित झाले. प्रत्यक्षात धातूची काडी साधारण 49 च्या आसपास बसते. तुम्ही दाखवलेत, आभार. पण हेच तुम्ही नीट शब्दांत सांगू शकला असतात. "शाळकरी चूक" म्हणायची गरज नव्हती.

आता घरात बसण्याबद्दल. 2003 मध्ये मोर्ससकट परीक्षा देऊन मी हॅमचे लायसन्स काढले. तेव्हापासून किती गाड्यांच्या टपावर चढलो असेन याचा हिशेब ठेवलेला नाही. कनेक्टर आणायला पुण्याच्या तपकीर गल्लीत जायचे, रात्री घरी सोल्डर करायचे आणि रविवारी पहाटे लवळ्याच्या माळावर गाडी उभी करून, चारही दारे लावून, जवळ कोणाला उभे न करता मोजायचे, कारण पार्किंगमधल्या भिंती आणि शेजारच्या गाड्या मीटरला फसवतात. हे मी पुस्तकात वाचून लिहिलेले नाही.

2011 च्या जुलैत ताम्हिणीत दोन गाड्या होत्या. पुढच्या गाडीत मी. मीटर दाखवत होता 1.2, तुमच्या 1.3 पेक्षाही चांगला. आणि जेमतेम दीड किलोमीटर मागे असलेल्या मित्राला माझा शब्द ऐकू येत नव्हता. रस्त्याच्या कडेला, धो-धो पावसात, एकाने छत्री धरली आणि मी केबल उपसली. डिकीच्या दारात ती चेपली होती, वरचे आवरण फाटले होते आणि आतली तांब्याची जाळी हिरवी पडली होती. कनेक्टरमधून पाणी टपकले. एका दुकानदाराने "वॉटरप्रूफ करून दिलाय" म्हणून लावून दिलेला कनेक्टर होता तो. जवळची जादा केबल जोडली. मीटर 1.8 वर गेला. वाढला! आणि मित्र पहिल्याच हाकेला बोलला.

असे का होते ते लेखात होते, पण तुम्ही बहुधा तिथवर पोचला नाहीत. खराब केबल अँटेनाकडे जाणारी शक्ती खाते, आणि अँटेनाकडून परत फिरलेली शक्तीही खाते. मीटर सेटपाशी असतो, त्याला परत आलेले थोडेच दिसते, म्हणून तो खूश. अँटेनाच्या बुडाशी एसडब्ल्यूआर 3 असेल आणि केबलमध्ये 6 डेसिबल, म्हणजे पाऊण शक्ती, जात असेल, तर सेटपाशी नेमका 1.3 दिसतो. सेट 50 वॉट सोडतो, वर पोचतात साडेबारा, आणि त्यातलेही पाव परत फिरतात. डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावून सगळी शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या रोधकावर, तर 1.0 येतो, म्हणून काय डमी लोडवरून महाडशी बोलता येते? मीटरवर विसंबून तर तुम्हीच राहता आहात. मी सांगितले ते उलट : आधी केबल, मग कनेक्टर, मग टपाशी जमीन (अँटेनाच्या बुडाला गाडीच्या धातूचा आधार), आणि लांबीला हात सगळ्यात शेवटी. "हे नवशिक्यांना काड्या कापायला लावतात" हे तुम्ही कुठून काढलेत, मला खरोखर कळलेले नाही.

बाकीचे थोडक्यात. मॅग्नेट माउंट (टपावर चुंबकाने धरणारे अँटेनाचे बूड) "सगळीकडे चालतो" असे नाही. टप लोखंडी पत्र्याचा हवा. काचेचा किंवा फायबरचा टप असेल तर चुंबक धरतच नाही, आणि अँटेनाला खाली जमीनही मिळत नाही. मल्टिमीटरने मधली तार आणि जाळी शॉर्ट दाखवली म्हणून अँटेना गेली असेही नाही, बुडाशी कॉइल असलेल्या अनेक अँटेना मल्टिमीटरच्या डीसीला शॉर्टच दिसतात. सेटमध्ये इंजिनाबरोबर चढउतरणारी शीळ अँटेनामुळे येत नसते, बहुतेक वेळा ती वीज घेण्याच्या जागेमुळे येते. सेटच्या दोन्ही तारा फ्यूज घालून थेट बॅटरीपासून आणा. केबल तपासायला डमी लोड सगळ्यांकडे नसतो, हे खरे. मित्राचा मागा.

कॅरिअरवर ब्रॅकेट लावताना पावडर कोटिंग खरवडून उघडा धातू काढावा लागतो, हा तुमचा मुद्दा लेखात नव्हता. तो आज घालतो, आणि 51 चे 49 केले आहे. तुमच्या गाडीतली केबल दाराच्या बीडिंगखालून जात असेल, तर एकदा कनेक्टर उघडून जाळीचा रंग बघा आणि इथेच कळवा. आणि ते "घरात बसून" तेवढे मागे घ्या.