‘सगळ्याच घेतात’ म्हणणाऱ्यांनो

आज सकाळी ग्राउंडवर डोकं फिरलं. पोरी स्पाइक्सच्या लेस बांधत बसल्या होत्या आणि एकीचे वडील मोबाइलवर लंडन ऑलिम्पिकची 1500 मीटरची फायनल लावून त्यांना दाखवत होते. "बघा, यातल्या किती उत्तेजक औषधं घेतल्याबद्दल पकडल्या गेल्या. वर सगळ्याच घेतात." सातवी-आठवीतल्या पोरी आहेत हो त्या! तिथे गप्प बसले, पोरींसमोर तमाशा नको म्हणून. इथे बोलते.

ती रेस 10 ऑगस्ट 2012 ची. पहिली तुर्कीची आस्ली चाकिर आल्पतेकिन, दुसरी तिच्याच देशाची गामझे बुलुत. दोघींच्या बायोलॉजिकल पासपोर्टमध्ये, म्हणजे रक्तचाचण्यांच्या नोंदींमध्ये, गडबड निघाली. एकीचं मेडल 2015 ला गेलं, दुसरीचं 2017 ला. मग चौथी आलेली रशियाची तात्याना तोमाशोवा वर सरकली आणि 2024 मध्ये तीही बाद. सातवी आणि नववी आलेल्याही गेल्या. पहिल्या नऊमधल्या पाच! तेव्हा कुठे सहावी आलेली अमेरिकेची शॅनन रोबरी ब्राँझची मानकरी ठरली. बारा वर्षांनी.

लोक म्हणतात, उशिरा का होईना, न्याय झाला. कसला न्याय?

माझ्या ताईचं जुन्या मैत्रिणींना माहीत आहे. विद्यापीठाच्या 1500 मीटरमध्ये ती चौथी आली. टीममध्ये पहिल्या तिघीच जाणार होत्या. तिसरी आलेली मुलगी कुठल्याच कॉलेजात शिकत नव्हती, बोनाफाईड बोगस. तक्रार केली, चौकशी ‘चालू’ राहिली. पुढच्या वर्षी कॉलेजचा शिपाई खाकी पाकिटातून ब्राँझ घेऊन आला, रजिस्टरवर सही घेतली आणि गेला. रिबनीला स्टेपलरची पिन मारलेली होती, ती काढताना ताईच्या बोटाला लागली. टीम केव्हाच जाऊन आली होती. ताईचं पळणं सुटलं होतं आणि बाबा स्थळं बघत होते.

मेडल मिळालं की हो तिला. हिशेब चुकता!

आणि या बाद झालेल्यांपैकी दोघी काही पहिल्यांदाच सापडल्या नव्हत्या. चाकिर 2004 मध्ये ज्युनियर असतानाच सापडली होती, दोन वर्षांची बंदी संपवून परत आली. तोमाशोवावर 2008 मध्ये लघवीचे नमुने बदलल्याबद्दल कारवाई झाली होती, तीही परत आली. दोघींना लंडनच्या ट्रॅकवर उभं केलं कुणी? आणि 2024 मध्ये तोमाशोवाला दहा वर्षांची बंदी. तेव्हा बाई 49 वर्षांच्या होत्या! कुठली रेस चुकणार होती त्यांची?

आपलं घरही स्वच्छ नाही, मान्य. 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे, म्हणजे उत्तेजकांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, लोक आल्याचं कळताच पोरं पळाली. शंभर मीटरच्या फायनलला एकच मुलगा उरला आणि स्टीपलचेसमधली, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीतली, एक ज्युनियर मुलगी फिनिश लाइन ओलांडून पळतच राहिली, मागे सॅम्पल घेणारे. आणि हो, लॅबचंही चुकतं. 2002 च्या बुसान एशियाडमध्ये सुनीता राणीचं 1500 मीटरचं गोल्ड काढून घेतलं, मग चाचणीतच घोळ निघाला आणि परत दिलं. तिने ते महिने कसे काढले असतील, या विचारानेच मला गलबलतं. आरोप झाला त्या दिवशी ‘सगळ्याच घेतात’वाले होतेच की तिच्याही दारात.

ताईलाही आमच्याच नात्यातल्या एका काकांनी ऐकवलं होतं, "असलं सगळीकडे चालतं, तू कशाला मनाला लावून घेतेस?" ती बोगस मुलगी ताईला कधी फार लागली नाही. हे वाक्य लागलं. कारण त्यात ती आणि ताई एकाच रांगेत उभ्या केल्या गेल्या. पहाटे उठून चिखलातून पळणारी आणि खोटा कागद आणणारी, दोघी सारख्याच!

पॅरिसमध्ये 2024 ला असे उशिराचे मेडल्स लोकांसमोर, थाटात दिले गेले. बरं केलं. पण 2012 च्या त्या रात्रीचा स्टेडियम कुठून आणणार, आणि मधल्या वर्षांतले स्पॉन्सर?

त्या फायनलमध्ये ब्रिटनची लिसा डॉब्रिस्की दहावी आली. रेस संपताच तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की ही स्पर्धा बरोबरीची आहे असं मला वाटत नाही. हे बोलून आपण अडचणीत येऊ, हेही तीच म्हणाली. घरच्या मैदानावर दहावी आलेल्या बाईने असं बोलायला काय काळीज लागतं! आज यादीत ती पाचवी आहे. आणि ती बोलली त्या दिवशी जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या अध्यक्षपदी होते लमीन डियाक, ज्यांना रशियन खेळाडूंची डोपिंग प्रकरणं दाबायला पैसे खाल्ल्याबद्दल 2020 मध्ये पॅरिसच्या कोर्टाने शिक्षा सुनावली. घेतलं कुणी ते आधी नीट बघा, मग पोरींना शिकवा.