समोरच तर आहे!

फ्रिज धक्क्यावर यायचा होता अकराला, आला सव्वा वाजता. पूर्ण भरती ११ वाजून १० मिनिटांनी होती. त्या वेळी लाँचचा काठ आणि धक्का एका पातळीत असतात, चार माणसांनी फ्रिज नुसता सरकवला तरी आत जातो. पण गाडीवाल्यांच्या कागदावर वेळ असते 'सकाळी १० ते सायंकाळी ६'. एवढ्या वेळात समुद्र भरतो, उतरतो आणि पुन्हा भरायला लागतो, हे त्या कागदाला कोण सांगणार? शिवाय 'तळमजल्यापर्यंत मोफत पोच'. आमचा तळमजला पाण्यापलीकडे. पोरांनी फ्रिज टेकवला, सही घेतली आणि "ताई, समोरच तर आहे" म्हणून गाडी वळवलीसुद्धा.

लांबच्या बेटाचं एक बरं असतं. तिथे मालाची बोट असते, तिचा वार ठरलेला असतो, आणि निदान लोकांना कीव तरी येते. जवळच्या बेटाला यातलं काही मिळत नाही. मिळतो तो सल्ला.

सल्ला त्या दिवशी खुंट्यावर बसला होता. डोक्याला रुमाल, हातात शेंगांची पुडी, समुद्र बघायला आलेले एक काका. आता हा खुंटा म्हणजे बोट बांधायचा लोखंडी खुंटा, आणि फ्रिज उतारावरून सोडायचा तर त्याच्याशिवाय चालत नाही. फ्रिजला पट्टा आवळायचा, त्याला दोरी, दोरीचा एक वेढा खुंट्याला, आणि वरचा माणूस दोरी हळूहळू सैल करत जातो. वेढा नसेल तर साठ-पासष्ट किलो सगळे फळीवर खालच्या बाजूला असलेल्या माणसाच्या छातीवर.

"काका, जरा उठता?"

"उठतो की. पण आधी मला सांगा, हा आडवा का नाही टाकत? आडवा टाकला की पडायची भीतीच नाही."

सांगितलं. आडवा केला की काँप्रेसरमधलं तेल गॅसच्या नळीत उतरतं, आणि तसाच चालू केला तर काँप्रेसर कामातून जातो. नाइलाजाने आडवा आणलाच, तर जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा ठेवायचा, फारच वेळ गेला असेल तर २४ तास, मग प्लग.

"मग ठेवा की २४ तास. घाई कसली आहे?"

"काका, खुंटा."

"आमच्या मेहुण्यांनी आणला होता आडवा. टेंपोतून."

"मग?"

"मग काय, बंदच पडला. पण आणताना काही म्हणजे काही त्रास झाला नाही."

इकडे पाणी चाललेलं. ते एकसारखं उतरत नाही, हे लक्षात घ्या. भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर असेल, तर त्याचे बारा भाग करायचे. सहा तासांत ते एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे उतरतात. म्हणजे पहिल्या तासात ३० सेंटीमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या-चौथ्यात ९०-९०. ठोकताळाच आहे, किनाऱ्याच्या ठेवणीप्रमाणे मागेपुढे होतो, पण फसवणूक कशी होते ते त्यातून कळतं. पहिला तास माणसाला गाफील ठेवतो आणि तिसऱ्यात पाणी मिनिटाला दीड सेंटीमीटर पळतं. सव्वा वाजता लाँचचा काठ मीटरभर खाली होता. तीन मीटरच्या फळीला तेवढा उतार अजून चालतो. सव्वा मीटर झाला की खलाशी मान हलवतात, आणि त्यांचं चुकत नाही.

काकांनी एक शेंग सोलली. "पाणी जातंच आहे, तर सगळं जाऊ दे. मग चालतच न्या."

ब्रिटनमध्ये लिंडिसफार्न नावाचं बेट आहे, तिथे ओहोटीत खरोखरच रस्ता उघडा पडतो. सुरक्षित वेळा लिहून लावलेल्या असतात, तरी मोटारी पाण्यात अडकतात, आणि अडकलेल्यांसाठी वाटेत खांबांवर एक खोपटं उभं केलेलं आहे. आमच्याकडे ना रस्ता, ना खोपटं. मांडीपर्यंत चिखल आहे. काकांना तो पसंत पडला नाही.

"पण एक बरं. फ्रिज आला की बर्फ करा, पाण्याची काय कमी तुम्हाला!"

इथे मी उत्तर द्यायला नको होतं असं सगळे म्हणतात. मला पटत नाही. बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रपातळीच्या वर जितकं, त्याच्या सुमारे ४० पट खाली. ऐकायला श्रीमंती वाटते. पण हिशेब उलटाही चालतो. उपशाने गोड्या पाण्याची पातळी १० सेंटीमीटर खाली गेली, की कालांतराने तळाचं खारं पाणी ४ मीटर वर सरकतं. म्हणून विहिरीवर मोठा पंप बसवायचा नाही, थोडं थोडं उपसायचं, उन्हाळ्यात तर पोहऱ्यानेच. एकदा विहीर मचूळ झाली की पुढचे कित्येक पावसाळे तिच्यावर खर्ची पडतात. आणि पलीकडून पाइप टाका म्हणून अर्ज केला की उत्तर तोंडावर येतं, कॅन आणा, अंतर ते केवढं! ज्यांनी कधी लाँचमधून कॅन उतरवला नाही त्यांनाच अंतर इतकं नेमकं माहीत असतं.

काका उठले तेव्हा वीस मिनिटं गेली होती. म्हणजे तीस सेंटीमीटर. तांडेलाने फळीकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, आणि लाँच सोडली.

पुढची भरती रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी. अंधारात शेवाळलेल्या पायऱ्यांशेजारी फ्रिज उचलायला कोणी येत नाही. तेव्हा मुक्काम तिकीटघराच्या पडवीत. खाली दोन फळ्या, कारण पत्रा आधी तळाच्या कडेला आणि स्क्रूपाशी गंजतो. वरून ताडपत्री, पण आवळून नाही, नाहीतर खारा दमट वारा आतच कोंडतो. घरी नेल्यावर गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायचा, मागची जाळीसुद्धा.

"मी काय म्हणतो," काका जाताना म्हणाले, "उद्या याच वेळी करा."

भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणजे उद्या बाराला. त्या वेळी लाँच शाळेच्या पोरांना घेऊन पलीकडे जाणार आणि परतेल एकच्या सुमाराला. सव्वा वाजता पाणी जेमतेम ४५ सेंटीमीटर उतरलेलं असेल. फळीला अगदी आरामाचा उतार. काकांचं शब्दशः बरोबर होतं, आणि का बरोबर होतं हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

"उद्या बघायला येतोच मी," ते म्हणाले.

खुंट्याला दोरी आजच बांधून ठेवली आहे.