‘सगळ्यांसमोर झापा’ सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात भाचीने एक मेसेज पुढे पाठवला. ती नर्स आहे, आणि तिला वॉर्डची इन्चार्ज, म्हणजे तिथल्या नर्सेसची प्रमुख, होऊन जेमतेम महिना झालाय. मजकुराचं नाव ‘यशस्वी इन्चार्ज सिस्टरचे सात नियम’, आणि खाली तिचा प्रश्न : ‘मावशी, याची प्रिंट काढून ड्यूटी रूममध्ये लावू का?’ त्याच दिवशी तोच मजकूर मला आणखी तीन ग्रुपवर दिसला, खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग. मी २६ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली ११ इन्चार्ज म्हणून. वाचून डोकं तापलं. फोनवर भाचीला जे घाईघाईत बोलले ते इथे नीट लिहिते.

नियम असे. निर्णय एकटीने आणि ताबडतोब घ्या, विचारत बसलात तर दुबळ्या दिसाल. चूक करणारीला सगळ्यांसमोर झापा, म्हणजे बाकीच्या सुधारतील. माणसं कमी असल्याची तक्रार करू नका, खरी लीडर आहे त्यात भागवते. डॉक्टरांच्या ऑर्डरवर प्रश्न विचारू नका. स्टाफशी अंतर ठेवा. सगळ्यांच्या आधी या, सगळ्यांनंतर जा. आणि शेवटचा, नेतृत्व रक्तातच असावं लागतं.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो पेशंटच्या जिवावर उठणारा आहे.

मी नवीन होते तेव्हा आमच्या इन्चार्जनी माझ्या एका मैत्रिणीला राउंड चालू असताना, डॉक्टर, पेशंट, नातेवाईक सगळ्यांदेखत झापलं. तिने एका पेशंटचं इंजेक्शन शेजारच्या खाटेवर दिलं होतं, आणि स्वतःच येऊन सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी नाइटला माझ्या हातून सलाइनचा वेग चुकला. ताशी ४० मिलिलिटर जायचं ते जवळजवळ तिप्पट चाललं होतं, आणि पेशंट हृदयविकाराचा. अर्ध्या तासाने लक्षात आलं. मी वेग कमी केला, नाडी-बीपी पाहिलं आणि चार्टवर लिहिलं ४०. कुणालाही सांगितलं नाही. तो माणूस सुखरूप घरी गेला. पण पहाटे त्याला धाप लागली असती, तर ती कशामुळे हे डॉक्टरांना कळायला मार्गच मी ठेवला नव्हता. मैत्रिणीला बसलेल्या बोलण्यातून मी एकच धडा घेतला होता : सांगायचं नाही.

हा माझा एकटीचा अनुभव म्हणून कुणी बाजूला सारेल, म्हणून संशोधक एमी एडमंडसन यांचं काम सांगते. हार्वर्डमध्ये असताना त्यांनी दोन रुग्णालयांतल्या आठ युनिटमध्ये औषधांच्या चुका तपासल्या. अभ्यास १९९६ साली छापून आला. त्यांचा अंदाज तुमच्या-माझ्यासारखाच होता, की जिथे इन्चार्ज चांगली आणि टीम एकजुटीची, तिथे चुका कमी. आकडे नेमके उलटे आले. चांगल्या टीमच्या युनिटमध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या, आणि दोन टोकांच्या युनिटमध्ये जवळजवळ दहापट फरक. मग ज्याला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं असा दुसरा निरीक्षक त्या युनिटमध्ये जाऊन पाहत राहिला. काही ठिकाणी नर्स इन्चार्जपाशी चुकीबद्दल मोकळेपणी बोलत होत्या, काही ठिकाणी चूक उघड झाली तर आपलं काय होईल या धाकात होत्या. तिथे चुकांचं रजिस्टर जवळजवळ कोरं दिसत होतं ते धाकामुळे. आठच युनिट, अभ्यास छोटा, हे मला मान्य आहे. पण तो वाचला तेव्हा मला माझा ४० लिहिलेला चार्ट डोळ्यांसमोर दिसला.

झापणाऱ्या इन्चार्जलाही असंच कोरं रजिस्टर मिळतं, आणि ती समजते की वॉर्ड सुधारला.

पोटॅशियम क्लोराइडचं उदाहरण घ्या, रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की देतात ते औषध. तीव्र द्रावण पातळ न करता शिरेतून गेलं तर हृदय बंद पडतं, हे प्रत्येक नर्सला पहिल्या वर्षापासून पाठ असतं. तरी मृत्यू होत होते. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ साली धोक्याचा पहिलाच इशारा काढला तो याच औषधाबद्दल. बहुतेक प्रसंगांत कुपी दुसऱ्या औषधाची समजून उचलली गेली होती, कारण वेष्टन आणि लेबल सारखं दिसत होतं. उपाय काय सांगितला? ही कुपी वॉर्डच्या कपाटात ठेवूच नका. कितीही झापलं तरी कुपीचं लेबल बदलत नाही. आणि जिने चुकीची कुपी उचलून शेवटच्या क्षणी परत ठेवली तिने ते सांगितलंच नाही, तर कपाट बदलायचं इन्चार्जला सुचणार कसं?

आता पहिला नियम. त्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करते. पेशंटचं हृदय बंद पडलं की चर्चेला जागा नसते. एकीने सूत्रं हातात घ्यायची, नाव घेऊन काम सांगायचं, तू छाती दाब, तू क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची गाडी) आण, तू वेळ लिही, आणि ‘अ‍ॅड्रेनलिन दिलं’ असं समोरून ऐकू आल्याशिवाय ते गेलं असं धरायचं नाही. पण इन्चार्जचे बाकीचे निर्णय वेगळ्या जातीचे असतात. आयसीयूतून येणारा पेशंट कुठल्या खाटेवर घ्यायचा, नवीन मुलीच्या वाट्याला ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवलेला, पेशंट द्यायचा का, नाइटला जोडी कुणाची लावायची. सहा-सहा पेशंट वाटून दिले की वाटणी सारखी दिसते. पण सहापैकी दोघांना घटकेघटकेला सक्शन (साचलेला कफ ओढून काढणं), एकाला रक्त चढतंय आणि एक नुकताच ऑपरेशनहून आलाय, तर ती मुलगी बुडाली. हे खाटेजवळ असलेलीलाच ठाऊक असतं. तिला विचारायला अर्धं मिनिट लागतं, आणि त्याने कुणी दुबळी दिसत नाही.

‘आहे त्यात भागवा.’ याला उत्तर २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आहे. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांतल्या २,३२,३४२ शस्त्रक्रियेच्या पेशंटची माहिती तपासली. एका नर्समागे एक पेशंट वाढला, की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. इन्चार्ज निमूटपणे भागवत राहिली की वर बसलेल्यांना वाटतं, चाललंय की. म्हणून लिहायचं : तारीख, शिफ्ट, पेशंट किती, नर्स किती, आणि कुठलं काम राहिलं. ‘स्टाफ कमी आहे’ एवढ्या बोलण्याने काही हलत नाही. ‘चार जणांची कूस बदलायची राहिली’ हे लेखी गेलं की उत्तर द्यावं लागतं.

डॉक्टरांना प्रश्न न विचारण्याबद्दल फार लिहीत नाही. ‘१० युनिट’ लिहिताना ‘युनिट’साठीचा इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा उमटला आणि इन्शुलिन १०० वाचलं गेलं, ही चूक इतकी नेहमीची आहे की ‘यू’ हे अक्षर एकटं लिहायलाच मनाई करणारे नियम झाले. विचारायचं कसं, हे मात्र शिकून घ्यावं. आत्ता काय होतंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, तुमच्याकडून काय हवंय, या क्रमाने चार वाक्यं. पहाटे तीनलाही डॉक्टर ऐकून घेतात.

अंतर ठेवण्याचं उत्तर वर आलंच : मोकळेपणी बोलता आलं तरच नर्स इन्चार्जला चूक सांगते. ‘आधी या, शेवटी जा’ यातली तळमळ मला कळते, मीही तशीच राबले. पण फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच लिहून ठेवलंय की आपण तिथे असताना जे होतं ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणं, ही खरी देखरेख. इन्चार्जच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी वॉर्ड अडखळत असेल, तर तिने कुणाला काही सोपवलेलंच नाही. आणि नेतृत्व रक्तात असतं म्हणे! मला पहिली ड्यूटी लिस्ट जमायला चार महिने लागले, तीही एका वयस्कर सिस्टरने शेजारी बसून शिकवली म्हणून.

भाचीने शेवटी विचारलं, ‘मग मावशी, एखादीने डोस न देताच सही ठोकली तर? तिलाही काही बोलायचं नाही?’ बोलायचं. हात चुकणं वेगळं आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं वेगळं. माझं ते ४० याच दुसऱ्या खात्यातलं होतं. अशा मुलीला बंद खोलीत बोलवायचं, लेखी नोंद करायची, पण आधी तिने तसं का केलं ते विचारायचं. आणि त्या शिफ्टला तिच्याकडे किती पेशंट होते, हेही त्याच कागदावर लिहायचं.