हॉटस्पॉट चालू, व्हीपीएन चालू, तरी लॅपटॉप कोरडाच!

एका लेखात म्हटलंय की फोनवर व्हीपीएन (म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत नेणारा सुरक्षित खाजगी मार्ग) लावून हॉटस्पॉट सुरू केला की लॅपटॉपही त्याच व्हीपीएनमधून जातो. आयफोन माझ्याकडे नाही, पण अँड्रॉइडवर सहसा असं होत नाही हो. हॉटस्पॉटचा डेटा व्हीपीएनला वळसा घालून थेट सिमच्या नेटवर जातो. गावी बसून ऑफिसचं काम करताना यात माझी अख्खी दुपार गेली. फोनवर ऑफिसची साइट उघडत होती, लॅपटॉपवर ढिम्म.

शेवटी फोनमध्ये प्रॉक्सी सर्व्हरचं, म्हणजे लॅपटॉपच्या वतीने नेटवर जाणाऱ्या मध्यस्थाचं, एक छोटं ॲप टाकलं. ते ॲप फोनचंच असल्याने त्याचा डेटा व्हीपीएनमधून जातो. मग लॅपटॉपच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये फोनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि ॲपने दाखवलेला पोर्ट (त्या ॲपचा दार क्रमांक), माझ्याकडे ८०८०, भरला. आयपी मात्र पाठ करून ठेवू नका. जुन्या अँड्रॉइडवर तो १९२.१६८.४३.१ असायचा, आता बदलतो. लॅपटॉपवर वायफायच्या माहितीत ‘गेटवे’ म्हणून जो दिसेल तोच घालायचा.

आणि काम झाल्यावर विंडोजमधला प्रॉक्सी आठवणीने बंद करा. मी विसरलो आणि रात्री घरच्या वायफायवर काहीच उघडेना. नेटवाल्याला उगाच दोन फोन झाले, बिचारा. लॅपटॉपऐवजी दुसरा अँड्रॉइड फोन हॉटस्पॉटला जोडला तर हा घोळ होत नाही, तिथे प्रॉक्सी त्या-त्या वायफायपुरताच राहतो. पण तिथे बरीच ॲप्स प्रॉक्सीला जुमानतच नाहीत, ब्राउझर तेवढा ऐकतो.